कड सोड, भोक धर

धर्माबादची लाल मिरची सीमेपलीकडे तेलंगणातही माहीत आहे. मिरची आली की ती दळणाऱ्या मशिनी आल्या, आणि मशिनींमागून त्यांचे शाफ्ट, बेअरिंग, प्लेटा. अशाच एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, वेल्डिंगचा उजेड चुकवत, आयटीआय झालेला एक पोरगा कॉम्प्युटरवर बेअरिंगची प्लेट काढत होता. मी शेजारी स्टूल ओढून बसलो.

बेअरिंग यूसीएफ २०८. शाफ्ट ४० मिमीचा. चार बोल्ट चौरसात, एकमेकांपासून १०२ मिमीवर. प्लेट १५० मिमी चौरस हवी होती.

पोरानं फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये चार रेषा काढल्या त्या वाकड्यातिकड्या. म्हटलं, "नीट काढ की!"

"नीट आपण काढायचं नसतं, सर. अटी घालायच्या. ते आपोआप नीट होतं."

चार सुट्या रेषांना आठ टोकं. प्रत्येक टोक आडवं सरकतं, उभं सरकतं; म्हणजे १६ मोकळिकी. टोकं जोडून चार कोपरे केले, ८ उरल्या. दोन रेषा आडव्या, दोन उभ्या: ४. रुंदी-उंची समान: ३. बाजू १५०: २. समोरासमोरचे दोन कोपरे मूळ बिंदूभोवती सममित केले आणि एकही उरली नाही. आकृती हिरवी झाली. मध्येच अडलं की पोरगा एखादा कोपरा माऊसनं ओढून बघे. जे हलतं, त्याला अट घालायची राहिलेली असते.

भोकांचंही असंच. चार वर्तुळं, १२ मोकळिकी. व्यास सारखे केले, एकाला १६ मिमी दिला, तीन सममितीच्या अटी घातल्या, दोन्ही दिशांना १०२ अंतर दिलं, हिशोब मिटला. मग त्यानं मला दाखवायला चौथी सममितीची अट घातली. ती खरीच होती, पण आधीच्या तिघींतून आपसूक निघत होती. प्रोग्रॅमनं तीही नको म्हटली.

खरी गंमत पुढे. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर कडेपासून भोकापर्यंत २५ लिहिलं होतं. २५ अधिक १०२ अधिक २५ म्हणजे १५२. प्लेट तर १५०! अट घालताच तक्रार आली. या अटींचं एकमेकींशी पटत नाही, एवढं यंत्र सांगतं. कोणती चुकीची, हे त्याला कळायचं कारण नाही. पोरानं लेथवरच्या म्हाताऱ्या कारागिराला हाक मारली, "मामा, पक्कं काय? कड का भोक?"

"भोक! बेअरिंग काय आपलं ऐकतंय का? कड सोड."

कड २४ झाली.

आत चालतं ते असं: प्रत्येक अट एक समीकरण होते आणि सगळी एकदम सुटावी लागतात. ती सोडवणारा भाग, म्हणजे सॉल्व्हर, तुमच्या कच्च्या आकृतीपासून निघतो, थोडंथोडं सरकवत चूक कमी करत जातो आणि बहुधा जवळचं उत्तर धरतो. इव्हान सदरलंड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’वर हे करून दाखवलं. पुढे केंब्रिजमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या डी-क्यूब्ड कंपनीचा सॉल्व्हर सॉलिडवर्क्ससारख्या प्रोग्रॅमांच्या पोटात गेला.

जवळचं उत्तर बरोबरच असेल असं नाही. पट्ट्याचं कव्हर काढताना ते दिसलं. दोन पुल्यांना स्पर्श करणाऱ्या रेषा चार निघतात: दोन बाहेरून, दोन मधून फुली मारत. चारही गणिताला मान्य. पुलीचा व्यास एकदम बदलला की रेषा कधी उडी मारून फुलीवर बसते. म्हणून पोरगा आकडा बदलल्यावर आधी स्क्रीनकडे बघतो, हिरव्या रंगावर विसंबत नाही. माझ्या मते या कामातलं निम्मं शहाणपण इथंच आहे. उरलेलं मामांच्या "कड सोड"मध्ये.

फ्रीकॅड फुकट मिळतं. ड्राफ्ट्समनचा कोर्स करणाऱ्या पोरांनी तयार चौकोनाचं बटण दाबू नये. चार सुट्या रेषा काढून १६ पासून शून्यापर्यंत एकदा तरी उतरावं.