गोळी घेतली घरात, पोचली पैनगंगेत

आपली पैनगंगा बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. येळगावच्या धरणात थांबते, मेहकरवरून पुढे विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेने जात वर्धेला मिळते, आणि ते पाणी शेवटी गोदावरीत जातं. या पाण्यातून गाळ जातो तो दिसतो. औषधंही जातात, ती दिसत नाहीत.

अमॉक्सिसिलिनची गोळी घेतली की तिचा निम्म्याहून जास्त भाग लघवीवाटे तसाच बाहेर पडतो. संडासाला शोषखड्डा असेल तर काही भाग माती धरून ठेवते. गटार सरळ नाल्यात सोडलं असेल तर अडवायला कुणीच नाही.

मग नदीत औषध किती, हे शास्त्रज्ञ कसं सांगतात? प्रत्येक घाटावर बाटली भरून तपासणं परवडत नाही. म्हणून ते हिशोब मांडतात, आपण गटाच्या वहीत मांडतो तसाच. जमा बाजूला काठावरची माणसं किती, गोळ्या किती खपतात, अंगातून किती बाहेर पडतं. वजा बाजूला सांडपाणी शुद्ध करताना किती गेलं, उन्हाने किती मोडलं, गाळात किती बसलं. उरेल त्याला नदीच्या पाण्याने भागायचं. खरी मेख इथेच आहे. भाजीत मीठ तेवढंच असलं तरी पाणी आटलं की ती खारट होते ना? श्रावणातली भरली नदी एप्रिल-मेमध्ये डबक्यांवर येते, तेव्हा तेच होतं.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने २०२५ साली जगभरच्या नद्यांचा असा हिशोब मांडला. माणसं घेतात त्या अँटिबायोटिकपैकी वर्षाला सुमारे ८,५०० टन नद्यांत पोचतं. जनावरांची औषधं आणि कारखाने यात धरलेलेच नाहीत! कारखान्यांचं काय, ते हैदराबादजवळच्या पाटणचेरूत २००७ साली कळलं. तिथे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातही लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं.

असं पाणी पिऊन लगेच कुणी पडत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. पण जंतू थोड्या थोड्या औषधाला सरावतात, आणि उद्या बाळंतिणीला ताप आला की तीच गोळी लागू पडत नाही.

सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, सर्दीवर ते चालतच नाही. शेळी-म्हशीला इंजेक्शन दिलं की दूध किती दिवस डेअरीत घालायचं नाही, हे डॉक्टरांना विचारा. आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला औषधांचा डबा आणा. तारीख उलटलेल्या गोळ्या वेगळ्या काढू, नाल्यात न टाकता त्यांचं काय करायचं ते आरोग्यसेविका ताईंना विचारू.