रडारवरचा आळ आणि सैल पिन

विश्रांतवाडीतील कोणत्याही गच्चीवर उभे राहिले तरी लोहगावच्या धावपट्टीवरून चढणाऱ्या विमानांचा गडगडाट बोलणे मध्येच थांबवतो. 1939 साली उभारलेल्या त्या वायुदल-तळाचे सान्निध्य हे येथील कित्येक मुलांच्या विमानवेडाचे मूळ आहे, आणि त्यांच्या पहिल्या गैरसमजाचेही. थर्माकोलचे पहिले रेडिओनियंत्रित विमान जुळवून झाले, बॅटरी जोडली, आणि शेपटीचा सर्व्हो उगाच थरथरू लागला, की नवशिका छांदिष्ट आपली फिर्याद थेट तळावरील रडारविरुद्ध दाखल करतो. मीही एकेकाळी तीच केली होती. पुढे तपास करता सर्व्होची पिन रिसीव्हरमध्ये अर्धवट बसलेली आढळली.

तळाच्या रेडिओचे म्हणाल, तर वैमानिक आणि नियंत्रण-मनोरा यांचे संभाषण 118 ते 137 मेगाहर्ट्‌झवर चालते; आपले संच चालतात ते 2.4 गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे जवळजवळ वीसपट उंच कंप्रतेवर. शिवाय आजचे बहुतेक संच एका जागी न थांबता त्या पट्ट्यात सतत जागा बदलत राहतात, त्यामुळे एखादा संदेश बिघडलाच तरी पुढचा पोहोचतो. पूर्वी 27 किंवा 35 मेगाहर्ट्‌झचे स्फटिकाचे संच असत, आणि दोघांचा स्फटिक एकच निघाला तर एकाचे विमान दुसऱ्यामुळे खाली येई. आजची भीती हा त्या काळाचा वारसा आहे. बाहेरचा उपद्रव अशक्यच, असे मी म्हणत नाही; परंतु त्याची जबानी सर्वांत शेवटी घ्यावी.

प्रथम चौकशी व्हावी ती विद्युत्‌पुरवठ्याची. ‘सिग्नल तुटला’ अशी जी कैफियत मैदानावर ऐकू येते तिच्यामागे पुष्कळदा सिग्नल नसतोच; मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीमध्ये बीईसी नावाचा जो भाग रिसीव्हरला व सर्व्होंना 5 व्होल्ट पुरवतो, तो थकतो, दाब क्षणभर खाली जातो, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या वेळात विमान कोणाचेच राहत नाही. साध्या प्रतीचा बीईसी जादा दाब केवळ उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो: तीन सेलची पूर्ण भरलेली लायपो बॅटरी 12.6 व्होल्टची, तेव्हा दर अँपिअरमागे 7.6 वॅट उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्याला सोसावी लागते. त्यातच बिजागरीत अडकलेला 9 ग्रॅमचा एक सर्व्हो एकटा अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकतो.

येथेच दुसरा भ्रम फसवतो: मल्टीमीटरने बॅटरी पूर्ण दाखवली म्हणजे पुरवठा निर्दोष. विसावलेल्या बॅटरीचा आकडा भाराखालच्या दाबाचा दाखला नव्हे. सबब पंखा काढून ठेवावा, मीटरच्या तारा रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेतील मधल्या व ऋण पिनेला लावाव्यात, आणि सर्व सर्व्हो एकदम हलवून पाहावेत. 5 व्होल्टचा आकडा चारकडे घसरू लागला, तर दोष सापडला असे समजावे. फुगलेली लायपो मात्र कोणत्याही परीक्षेस न बसवता बाद करावी.

एखादाच सर्व्हो निश्चल असेल, तर तो जळाला असे मानून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतले इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान गाठण्यापूर्वी तोच सर्व्हो दुसऱ्या चॅनेलवर लावून पाहावा. तेथे तो चालला तर त्याची कसूर नाही. चॅनेलची वा ट्रान्समीटरमधील योजनेची आहे. एका वेळी एकच वस्तू बदलावी, हा नियम मोडला की दोष नाहीसा झाला तरी तो कशाने झाला हे कळत नाही, आणि तो परत येतो.

मोटर उलटी फिरते म्हणून ती परत करणारेही मी पाहिले आहेत. ब्रशलेस मोटरच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की दिशा बदलते. ईएससी सारखा पीं-पीं करीत राहतो, त्याचा अर्थही बहुधा एवढाच, की थ्रॉटल सर्वांत खाली नाही किंवा त्याच्यापर्यंत संकेत पोहोचत नाही. रिसीव्हर ट्रान्समीटरशी बाइंड झाला आहे ना, हे तेव्हा पाहावे. अँटेनाच्या टोकाची सुमारे 31 मिलिमीटर उघडी तार ही पाव तरंगलांबी होय. ती लांबवल्याने पल्ला वाढत नाही, आणि कापल्याने घटतो.

ही सर्व तपासणी घरी टेबलावर होते, आणि विश्रांतवाडीत ती घरीच व्हावी. छोट्या मॉडेलला नियम लागू नाहीत हा समज सर्वांत धोक्याचा आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या परिघापासून 8 किलोमीटरच्या आत, अगदी जमिनीपासूनच, परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही, आणि लोहगाव येथून त्याहून पुष्कळ जवळ आहे.

दूरच्या, परवानगी असलेल्या मैदानावर गेल्यावर मात्र विमानामागे उभे राहून एकदा कांडी उजवीकडे न्या. उजव्या पंखाचे एलेरॉन वर उचलले पाहिजे. ते खाली जात असेल तर ट्रान्समीटरमध्ये तो चॅनेल उलटा करून घेतल्यावाचून विमान हातातून सोडू नका.