बियासच्या लाटा आणि डोंगरातली ऊन कुंडे

हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात बर्फाचे पाणी आणि जमिनीतून वाफाळत वर येणारे पाणी एकमेकांच्या शेजारी वाहते. रोहतांग खिंडीजवळ उगम पावणारी बियास नदी मनाली व कुलूवरून खाली उतरते आणि सुमारे 470 किलोमीटरचा प्रवास करून पंजाबात हरिके येथे सतलजला मिळते. तिच्या खोऱ्यात मनालीजवळ वशिष्ठ आणि थोडे खाली कलाथ येथे गरम पाण्याचे झरे आहेत. भुंतरला तिला मिळणाऱ्या पार्वती नदीच्या खोऱ्यात कसोल, मणिकर्ण आणि खीरगंगा ही अशीच ठिकाणे आहेत. त्यामुळे आधी राफ्टिंग आणि नंतर गरम कुंडात विश्रांती, असा बेत येथे सहज जमतो.

मनाली ते भुंतर या सुमारे 50 किलोमीटरच्या अंतरात बियास आठशे-नऊशे मीटर खाली उतरते. या उतारामुळे तिला वेग येतो आणि पात्रातल्या मोठ्या दगडांमुळे पाणी फेसाळते. राफ्टिंगचा नेहमीचा टप्पा कुलूजवळच्या पिरडीपासून झिरीपर्यंत, सुमारे 14 किलोमीटरचा आहे. वाटेत भुंतरला पार्वती येऊन मिळते आणि पाणी वाढते. नदीच्या अवघडपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत पहिली श्रेणी सर्वांत सोपी, तर सहावी जवळजवळ अशक्य समजली जाते. पिरडी-झिरी टप्पा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागले की प्रवाहाचा जोर वाढतो. पावसाळ्यात पूर आणि दरडींचा धोका असल्याने 15 जुलै ते 15 सप्टेंबर या काळात राफ्टिंग बंद ठेवले जाते.

राफ्टमध्ये बसणाऱ्याला पोहता आलेच पाहिजे असे नाही, पण हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारे लाइफ जॅकेट हवेच. गाइडच्या सूचनेबरोबर सर्वांनी एका तालात वल्ही मारली, तरच राफ्ट सरळ राहते. कोणी पाण्यात पडले, तर त्याने उताणे तरंगावे आणि पाय प्रवाहाच्या दिशेला, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवावेत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न घातक ठरतो. पाय दगडांच्या फटीत अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

बियासचे पाणी भर उन्हाळ्यातही अतिशय थंड असते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. थंड पाणी अंगावर आदळताच श्वास एकदम आत ओढला जातो, छाती धडधडते आणि हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. शरीर रक्त आतल्या महत्त्वाच्या अवयवांकडे राखून ठेवते. त्यामुळे बोटे बधिर होतात आणि स्नायू आखडतात. त्यातच वल्ही मारून खांदे, दंड आणि पाठ दुखू लागलेली असते. पाय राफ्टमध्ये रोवून तोल सांभाळल्याने मांड्याही भरून येतात.

गरम पाण्यात शिरल्यावर याच्या नेमके उलट घडते. रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायूंकडे रक्त वाढते आणि आखडलेपणा सैल होतो. पाणी शरीराचा बराचसा भार उचलते, त्यामुळे कंबर आणि सांध्यांवरचा ताण हलका होतो. हा आराम खरा आहे. मात्र त्याला औषधोपचार समजू नये. झऱ्यांच्या पाण्याने अनेक रोग बरे होतात ही श्रद्धा जुनी आहे, पण गंभीर दुखण्यावर इलाज डॉक्टरांकडूनच व्हायला हवा.

हे पाणी तापते कसे, याचे उत्तर खडकांत आहे. कुलू खोऱ्यात ज्वालामुखी नाही. पाऊस आणि वितळलेले बर्फ खडकांच्या भेगांतून खोलवर झिरपते. पृथ्वीच्या कवचात खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश सेल्सियसने वाढते; हिमालयात काही ठिकाणी ही वाढ याहून अधिक आहे. भारतीय भूखंड आशियाला रेटत असल्याने येथील खडक दुमडले आणि तुटले आहेत. तापून हलके झालेले पाणी याच भेगांतून वर येते. वाटेत त्यात खनिजे विरघळतात. वशिष्ठच्या पाण्याला येणारा वास गंधकाच्या संयुगांचा आहे. अशा पाण्यात चांदी काळवंडते, म्हणून पैंजण आणि अंगठ्या आधी काढून ठेवाव्यात. देशात अशा झऱ्यांची तीनशेहून अधिक ठिकाणे नोंदली गेली आहेत.

वशिष्ठ हे गाव मनालीपासून सुमारे तीन किलोमीटरवर, बियासच्या डाव्या काठावर आहे. वसिष्ठ ऋषींच्या दगडी-लाकडी मंदिराच्या आवारात स्त्री-पुरुषांसाठी वेगळी कुंडे आहेत. मणिकर्ण सुमारे 1,760 मीटर उंचीवर आहे. या उंचीवर पाणी 100 ऐवजी सुमारे 94 अंशांना उकळते आणि तेथील काही झऱ्यांचे पाणी जवळजवळ तितकेच गरम असते. गुरुद्वारात कापडी पुरचुंडीत बांधलेले तांदूळ या पाण्यात सोडून शिजवतात आणि ते लंगरात वाढले जातात. अशा झऱ्याला हात लावणेही धोक्याचे. स्नानासाठी थंड पाणी मिसळलेली वेगळी कुंडे आहेत. खीरगंगेला मात्र बरशैणीहून कित्येक तासांची चढण आहे, त्यामुळे राफ्टिंगच्याच दिवशी तेथे जाणे शहाणपणाचे नाही.

नदीतून बाहेर आल्यावर थेट कुंडात उतरण्याची घाई करू नये. प्रथम ओले कपडे बदलावेत, अंग कोरडे करावे, गरम व गोड चहा घ्यावा आणि काही खावे. कोणी जोरजोरात थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल किंवा गोंधळलेला वाटत असेल, तर त्याला गरम पाण्यात मुळीच उतरवू नये. रक्तवाहिन्या एकाएकी रुंदावून रक्तदाब कोसळू शकतो. त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी.

कुंडाचे पाणी आधी हाताने पाहावे आणि सावकाश आत उतरावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी होतात. जास्त वेळ बसल्यास घाम जाऊन शरीरातले पाणी कमी होते आणि उठताना भोवळ येते. मद्य घेऊन कुंडात उतरणे दुप्पट धोक्याचे आहे. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि रक्तदाबाची औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे. मुरगळलेल्या किंवा मुका मार लागलेल्या भागावर पहिले दोन दिवस शेक टाळावा, कारण त्याने सूज वाढते. उघडी जखम असेल तर कुंडात उतरू नये. डोके बुडवू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात क्वचित आढळणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि तो संसर्ग बहुधा जीवघेणा ठरतो.

महाराष्ट्रातही राफ्टिंग आणि गरम कुंडे या दोन्ही गोष्टी एकमेकांजवळ सापडतात. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे पावसाळा सरल्यावरही तेथे प्रवाह मिळतो. त्याच जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. कुंडलिकेचे पाणी बियासइतके थंड नसले, तरी थकलेल्या अंगाला कुंडाचा आराम तेवढाच मिळतो.

वशिष्ठ, मणिकर्ण आणि उन्हेरे या तिन्ही ठिकाणची कुंडे देवस्थानांशी जोडलेली आहेत आणि गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहेत. साबण-शॅम्पूने होणारी आंघोळ कुंडाबाहेर करावी, प्लॅस्टिक परत न्यावे, पादत्राणांचे आणि पोशाखाचे स्थानिक नियम पाळावेत. पर्यटकांनी एवढी काळजी घेतली, तर हे पाणी सर्वांसाठी स्वच्छ राहील.