लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा

सहकारी संस्थेचा हिशेब संस्थेने लिहावा आणि तो बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासावा, हा दंडक अहिल्यानगर जिल्ह्याला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून येथील सभासद हा दंडक पाहत आला आहे. लेखापरीक्षक आला म्हणून कोणी चिटणीसाला चोर ठरवीत नाही. मग नागरिकांच्या खासगी नोंदी मागविणाऱ्या शासनालाच या दंडकातून सूट का असावी?

सुरक्षिततेची निकड कोणीही नाकारणार नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्याच्या तपासात दूरध्वनीवरील संभाषणे मोलाचा पुरावा ठरली. अशा नोंदी तपासयंत्रणेस मिळाल्याच पाहिजेत. प्रश्न आहे तो एवढाच की, त्या मागण्यामागील कारण पुरेसे आहे की नाही, हे कोणी ठरवावे?

या बाबतीत आपल्या कायद्याची विसंगती पाहण्यासारखी आहे. पोस्टाच्या ताब्यातील साधे पोस्टकार्ड तपासासाठी हवे असेल, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याचा किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. परंतु आपण कोणाशी, केव्हा, किती वेळ बोललो, याची भ्रमणध्वनी कंपनीकडील नोंद मागविण्यास पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी हुकूमही कायद्याने पुरतो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील हा भेद, 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम राहिला आहे. 2013 मध्ये केंद्राने अशा मागणीचा अधिकार पोलीस अधीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांपुरता मर्यादित केला खरा. पण ती प्रशासकीय सूचना होती. त्यानंतरही, 2018 मध्ये, अशा नोंदींची बेकायदा विक्री ठाणे पोलिसांनीच उघडकीस आणली.

प्रत्यक्ष संभाषण ऐकण्यावर बंधने अधिक आहेत. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहसचिवाचा आदेश आणि त्याची समितीकडून फेरतपासणी, अशी पद्धत घालून दिली. मात्र कायद्यात तरतूद नसल्याने न्यायालयाची पूर्वपरवानगी सक्तीची करता येत नाही, असेही त्याच निकालात म्हटले. परिणामी आदेश देणारा सचिव आणि तो तपासणारेही सचिवच! 1885 च्या तार कायद्याची जागा 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली, तरी या मांडणीत फरक पडलेला नाही.

याचे फळ काय, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या 22 ऑक्टोबर 2019 च्या निकालात दिसते. लाचेच्या एका प्रकरणात 2009-10 साली केंद्रीय गृहखात्याने सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण देऊन एका व्यावसायिकाचे दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश काढले होते. सुरक्षिततेस तसा कोणताही धोका नव्हता, असे सांगून न्यायालयाने ते रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. न्याय मिळाला, पण जवळजवळ दहा वर्षांनी. तोही प्रकरण खटल्यापर्यंत पोचले म्हणून. ज्यांच्यावर कधी खटलाच झाला नाही, त्यांनी दाद कशी मागावी?

‘ज्याने काही केले नाही त्याला भीती कसली?’ असे पुष्कळदा विचारले जाते. बँकेतील खातेपुस्तक पाहिले तर माणसाचे आजारपण, देणगी, कर्ज, मुलांचे शिक्षण, सारे कळते. त्यात गुन्हा नसतो, तरी ते चव्हाट्यावर मांडण्याजोगेही नसते. ठेवीदाराने कागद बँकेकडे सोपविले म्हणून त्यांवरील त्याचा खासगीपणाचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात मान्य केले. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. हक्क मान्य झाला. पहारेकरी मात्र अजून नेमला गेलेला नाही.

उपाय अवघड नाहीत. नोंदी मागविण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. तातडीच्या प्रसंगी आधी नोंदी घ्याव्यात, पण ठरावीक दिवसांत त्यास मंजुरी मिळवावी. तपास संपल्यावर संबंधितास कळवावे आणि वर्षभरातील मागण्यांची संख्या विधिमंडळापुढे ठेवावी. गावच्या पतसंस्थेकडून आपण जेवढ्या शिस्तीची अपेक्षा करतो, तेवढी शासनाकडून केली तर ती जास्त म्हणता येईल काय?