किट जोडून ॲम्प्लिफायर विकताय? कायद्याच्या नजरेत तुम्ही 'उत्पादक' आहात

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कॅबिनेट सगळं सुटं मिळतं. घरी सोल्डरिंग करायचं आणि वर थोडा नफा ठेवून ॲम्प्लिफायर विकायचा, हा हौशी मंडळींचा सोयीचा जोडधंदा. पण काही बिघडलं तर 'मी फक्त जोडून दिला' एवढं म्हणून सुटता येतं का?

नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादकाच्या व्याख्येत इतरांनी बनवलेले भाग जोडणाराही येतो. सदोष जोडणीमुळे कुणाला शॉक बसला किंवा आग लागली, तर भरपाईचा दावा थेट त्याच्यावर होऊ शकतो.

आणि चुका साध्याच असतात. धातूच्या कॅबिनेटला अर्थिंग नाही, 230 व्होल्टच्या बाजूला फ्यूज नाही. टीडीए7294 ही आयसी अशा किटमध्ये नेहमी दिसते. तिच्या पाठीचा धातू निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो. मध्ये मायका न घालता ती हीटसिंकवर कसली आणि तो हीटसिंक अर्थिंग केलेल्या कॅबिनेटला टेकला, की सप्लाय शॉर्ट! स्वतःच्या घरी हे आपण सांभाळून घेतो. गिऱ्हाइकाला ते माहीतही नसतं.

बीआयएसची सक्तीची नोंदणी 2000 वॅट आणि त्याहून जास्त इनपुटच्या ॲम्प्लिफायरना लागते. घरगुती 100 वॅटचा सेट त्यात बसत नाही, हे खरं. पण ही सवलत नोंदणीपुरती, भरपाईपुरती नव्हे. वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत, तरी या कायद्यानुसार उत्पादक जबाबदार ठरू शकतो. त्यामुळे डब्यासोबत किमान एक छापील कागद तरी द्यायलाच हवा.