वायूंचा जमाखर्च : देशाचा आणि मांजरा-गोदाकाठचा

एप्रिल 2016 मध्ये पाण्याने भरलेली एक रेल्वेगाडी मिरजेहून निघाली आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून लातूरला पोहोचली. मांजरा प्रकल्प कोरडा पडला होता. 'जलदूत' या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीने त्यानंतर शहरासाठी अनेक खेपा केल्या. त्या टंचाईचे खापर एकट्या हवामानबदलावर फोडणे योग्य होणार नाही. सलग दोन वर्षांचा अपुरा पाऊस, 2015 सालचा एल निनो आणि उपलब्ध पाण्याचा वापर हीही तिची कारणे होती. तथापि, हवा जितकी तापते तितके जमिनीतील व जलाशयातील पाणी अधिक वेगाने उडून जाते. त्यामुळे नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने देशातून आणि जगातून किती हरितगृह वायू हवेत जातात हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही.

वायू कोणते, येतात कोठून?

सूर्याच्या उष्णतेने तापलेली पृथ्वी ती उष्णता पुन्हा बाहेर टाकीत असते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे वायू तिचा काही भाग अडवून धरतात. कोळसा, डिझेल व पेट्रोल यांच्या ज्वलनातून पहिला वायू निर्माण होतो. गुरांचे रवंथ, भातखाचरे व कुजणारा कचरा यांतून मिथेन, तर नत्रयुक्त खते घातलेल्या जमिनीतून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. या सर्वांची बेरीज कार्बन डायऑक्साइडच्या परिमाणात मांडण्याची पद्धत आहे. 1992 सालच्या आंतरराष्ट्रीय हवामान करारानुसार भारत असा जमाखर्च वेळोवेळी संयुक्त राष्ट्रांना सादर करीत आला आहे.

पाव शतकाचा आलेख

या अहवालांनुसार 1994 साली देशाचे उत्सर्जन सुमारे 123 कोटी टन होते. वने व जमीन-वापराचा हिशेब वगळता ते 2000 साली सुमारे 152 कोटी, 2010 साली 214 कोटी, 2016 साली 284 कोटी आणि 2019 साली 313 कोटी टन झाले. म्हणजे पंचवीस वर्षांत ही बेरीज अडीच पटींवर गेली. 2020 साली टाळेबंदीमुळे ती सुमारे 296 कोटी टनांपर्यंत उतरली. परंतु व्यवहार सुरळीत होताच चढण पुन्हा सुरू झाली.

ही वाढ कोणत्या खात्यात झाली, हे पाहणे अगत्याचे आहे. 1994 साली शेती व पशुधनाचा वाटा सुमारे 28 टक्के होता. 2020 साली तो 14 टक्क्यांच्या आत आला. शेतीचे उत्सर्जन घटले असा याचा अर्थ नव्हे. ते सुमारे 34 कोटी टनांवरून 41 कोटींच्या आसपास गेले. त्याच काळात ऊर्जेचे उत्सर्जन मात्र 74 कोटींवरून 224 कोटी टनांवर पोहोचले. म्हणजे वाढीचा मुख्य भार गोठ्याने नव्हे, तर वीजकेंद्रे, वाहने व कारखान्यांच्या भट्ट्यांनी उचलला आहे. याच काळात लक्षावधी घरांत वीज पोहोचली आणि रोजगार वाढला, हेही विसरता येणार नाही.

बेरीज आणि दर

याच अहवालांत दुसरा एक आकडा आहे. एका ठरावीक रकमेच्या राष्ट्रीय उत्पन्नामागे होणारे उत्सर्जन 2005 ते 2020 या काळात 36 टक्क्यांनी घटले. बेरीज वाढली आणि दर घटला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? एखाद्या शेतकऱ्याने एकरी कमी डिझेल खाणारा ट्रॅक्टर घेतला, पण त्याची वहिती पाच एकरांवरून पंधरा एकरांवर गेली, तर एकरी खर्च उतरूनही डिझेलचे एकूण बिल वाढते. देशाचे तसेच झाले आहे. दर उतरणे हे प्रगतीचे लक्षण खरे, परंतु हवा तापते ती बेरजेने. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग शतकानुशतके वातावरणात साठून राहतो. ज्या धरणाची आवक मोठी आणि सांडवा अरुंद, त्याची पातळी आवक थोडी मंदावली तरी चढतच राहते.

ही पातळी केवळ भारताने चढविलेली नाही. माणशी कार्बन डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन भारतात सुमारे 2 टन आहे. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक भरते. 1850 ते 2019 या काळात साठलेल्या उत्सर्जनात संपूर्ण दक्षिण आशियाचा वाटा अवघा 4 टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र वार्षिक बेरजेत भारत आज चीन व अमेरिकेखालोखाल तिसरा आहे. भूतकाळाची जबाबदारी इतरांची अधिक असली, तरी पुढील आलेखाच्या दिशेत आपलाही हात आहे.

गावाच्या खतावणीत

नांदेड-लातूरच्या गावात या जमाखर्चाची बहुतेक पाने उलगडून पाहता येतात. विहिरीवरील पंपाची वीज मुख्यतः कोळशातून येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि सौर कृषिपंप यांमुळे तो कोळसा वाचतोच, शिवाय रात्री-अपरात्री पाणी देण्यास जाण्याचा शेतकऱ्याचा त्रासही टळतो. देवणी व लाल कंधारी ही या भूमीची भूषणे. त्यांच्या रवंथातून मिथेन जातो तो जाणारच. पण साठवलेल्या शेणातून निघणारा वायू गोबरगॅस संयंत्रात कोंडून चुलीत जाळला, तर स्वयंपाकाचे इंधन मिळते आणि मिथेनची तापविण्याची शक्तीही बहुतांशी नाहीशी होते. सोयाबीन व तूर यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात. त्यांच्या फेरपालटामुळे युरियाची मात्रा कमी करता येते. उसाचे पाचट न पेटविता सरीत आच्छादले, तर धूर टळतो आणि ओल टिकते. किनवट-माहूरची सागवने जमेच्या बाजूला आहेत. देशातील वने व जमिनीने 2020 साली सुमारे 52 कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला.

पुढची वाट

2070 पर्यंत उत्सर्जन व शोषण यांचा मेळ घालण्याचे उद्दिष्ट भारताने 2021 साली ग्लासगो येथे जाहीर केले. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायूविरहित साधनांची करण्याचे लक्ष्य 2030 साठी होते. ते 2025 च्या मध्यासच गाठले गेले. तथापि सौरपट्ट्या रात्री वीज देत नाहीत. 2023-24 मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. विजेची साठवण हा म्हणूनच पुढील टप्प्याचा कळीचा प्रश्न आहे.

आलेख वळेपर्यंत मराठवाड्याला बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यावे लागेल. मराठवाडा व विदर्भात 2018 पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा रोख तोच आहे. शेततळे, ठिबक सिंचन व बांधबंदिस्ती यांनी अडविलेले पाणी दुष्काळात उपयोगी पडतेच, शिवाय ते दुरून वाहून आणण्याचे इंधनही वाचते. मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या प्रत्येक खेपेमागे जळालेल्या इंधनाची नोंदही देशाच्या त्याच जमाखर्चात खर्चाच्या बाजूला पडली होती. शिवारात अडविलेल्या पाण्याने ती नोंद टळते.