‘वाट पाहणे’ आणि ‘खोळंबा’ : जुन्या बातम्यांतलं थांबणं

आजच्या भागात एकच शब्द घेतलाय, तोही आपण दिवसातून दहा वेळा वापरतो तो. वाट पाहणे. आमच्या अक्कलकोटकडे ‘वाट बघायलोय’ म्हणतात. पण पेपरात हे ‘बघायलोय’ कधी छापून येत नाही. तिथं ‘वाट पाहत आहेत’ किंवा ‘प्रतीक्षेत’.

आधी शब्दाकडे बघू. वाट म्हणजे रस्ता. ज्याला यायचंय तो रस्त्यानंच येणार, म्हणून नजर रस्त्यावर. हिंदीत ‘राह देखना’. आमच्या तालुक्यात कन्नड घरोघरी चालतं, तिथं ‘दारी नोडू’, आणि कन्नडात दारी म्हणजे रस्ताच. मराठी माणूस ‘दारी’ ऐकून दरवाजा समजतो. तरी अर्थ फार बिघडत नाही! जुन्या लेखी मराठीत याचंच भारदस्त रूप होतं, ‘मार्गप्रतीक्षा’.

आता बातम्या. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ सुरू झालं, एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. तेव्हा तार नव्हती, रेल्वे नव्हती. विलायतेची बातमी जहाजानं यायची, त्यात महिने जायचे. म्हणजे वाचकाच्या आधी छापणाराच वाट पाहत बसलेला. अशा काळात ‘उशीर’ कशाला म्हणायचं? वेळापत्रकच नाही तर उशीर कुठला.

१८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली, पुढं लोहमार्ग सोलापूरवरून आमच्याकडे आला. अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून १०-११ किलोमीटरवर आहे, त्यामुळं गाडीतून उतरलं तरी पुढच्या वाहनासाठी थांबणं आहेच. गाडीला वेळ ठरली आणि ‘खोळंबा’ या शब्दाला खरं काम मिळालं. शब्द रेल्वेच्या आधीचा. मोल्सवर्थच्या कोशात तो आहे. पण ‘प्रवाशांचा खोळंबा’ ही जोडी वेळापत्रकाशिवाय शोभत नाही.

मला या जोडीबद्दलच बोलायचंय. ‘लोक वाट पाहत होते’ म्हटलं की विचारता येतं, कोणाची? ‘ची’ लावल्याशिवाय वाक्य अर्धवट वाटतं. पावसाची, एसटीची, साहेबांची. ‘प्रवाशांचा खोळंबा झाला’ यात मात्र कोणी केला ते नसलं तरी वाक्य पूर्ण! नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला. अक्कलकोट म्हणजे स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्यांचं गाव, एसटी बंद म्हणजे काय ते सांगायला नको. अशा वेळी ‘खोळंबा’, ‘हाल’ हे शब्द सोपे पडतात, कारण कर्मचारी, महामंडळ, सरकार यांपैकी कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही. ‘प्रतीक्षा’ही तसलीच. ‘शेतकरी मदतीच्या प्रतीक्षेत’ या मथळ्यात मदत देणारा कुठंय? मला तर ‘वाट’ जास्त प्रामाणिक वाटते.

‘तिष्ठत’ची गंमत वेगळीच. तो संस्कृतातल्या ‘उभं राहणे’ या धातूतून आलाय. तरी आपण बिनधास्त ‘तिष्ठत बसलो’ म्हणतो.

तुम्हाला मोबाईलवर जुने अंक चाळायचे असतील तर एक सांगतो. नुसतं ‘वाट’ शोधलंत तर ‘वाटते’, ‘वाटप’, ‘वाटाघाटी’ यांचा ढीग पडेल. बातमीदाराला सतत काहीतरी ‘वाटत’ असतं ना! ‘वाट पाह’ एवढंच टाका. जुन्या छपाईत ‘पाहाणें’ असं शेवटी अनुस्वार देऊन लिहायचे, ‘पहात’ही सापडेल. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. त्याआधीचे अंक असतील तर अनुस्वारासहित आणि अनुस्वाराशिवाय, दोन्ही टाकून बघा. नाहीतर समोर असलेली बातमी हाती लागणार नाही.

तुमच्या भागात थांबण्याला आणखी कुठला शब्द आहे? आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.